दर्पाचा बंदोबस्त

संकेश्वराहून निघून गडहिंग्लज, आजरा, गवसे आणि आंबोली असे मुक्काम घेत पुढे घाट उतरून सावंतवाडी-बांद्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावरून देशावरचे अन्न आणि कोकणातले अन्न अहोरात्र एकमेकांना ओलांडून जात असते. खालून मासळी, कोकम, नारळ आणि फणस वर चढतात. वरून तांदूळ, मिरची, गूळ आणि भुईमूग खाली उतरतात. आणि या दळणवळणाच्या मध्यावर हिरण्यकेशीच्या काठी वसलेले आजरा दोहोंकडचे वास घेत उभे आहे. इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीतला हा एक महाल असताना घाटातून मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून येत असे. परंतु त्या वाहनांना वासाची बाधा झाल्याची तक्रार कोणी केली असेल असे वाटत नाही; कारण गाडीला ना काच होती ना छत, आणि जो काही दर्प असेल तो सह्याद्रीचा वारा पहिल्याच वळणावर उचलून नेत असे. वाहनातील अन्नाचा दुर्गंध हा प्रश्नच मुळी मोटारीला काचा बसल्यानंतरचा, आणि त्यातही गादीत काथ्याच्या जागी फोम आल्यानंतरचा आहे.

या प्रश्नाचा येथे आढावा घेण्याचे निमित्त खाजगी आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, हे ध्यानी धरून मेच्या अखेरीस सावंतवाडीहून परतताना मी बांगडे जरा सढळ हाताने घेतले. बर्फ घालून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ते डिकीत ठेवले. आणि आंबोलीच्या घाटात ती पिशवी कलंडली की फाटली हे शेवटपर्यंत समजले नाही. घरी आल्यावर डिकीतली मॅट ओली दिसली, ती धुतली, उन्हात टाकली, आणि प्रकरण निकालात निघाले असे समजून आठवड्याने त्याच डिकीतून आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचे एक पोते पुण्यास थोरल्या बहिणीकडे पोहोचविले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "अरे, तांदूळ घनसाळच आहे ना? मग भाताला बांगड्याचा वास कसा येतोय?"

ज्या तांदळाला केवळ त्याच्या सुगंधासाठी २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची ही अवस्था व्हावी हा आजऱ्याच्या माणसाला लागणारा मोठाच बोल होता. परंतु शास्त्राच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हते. सडीक तांदूळ भोवतालचे वास झपाट्याने ओढून घेतो, ही गोष्ट दुकानात तांदळाच्या पोत्याशेजारी घासलेटाचा डबा न ठेवणाऱ्या प्रत्येक जुन्या वाण्याला ठाऊक होती. घनसाळाचा सुगंध ज्या द्रव्यामुळे दरवळतो ते द्रव्य आणि बांगड्याचा दर्प ज्यामुळे येतो ते द्रव्य, दोन्ही हवेत उडून जाणारे पदार्थच होत. एकाची जागा दुसऱ्याने घेतली, इतकेच.

वास हा पदार्थ आहे, ही एक गोष्ट मनावर ठसली म्हणजे या विषयातला निम्मा गोंधळ दूर होतो. आपल्याकडच्या वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याचे सुरभि आणि असुरभि असे दोनच प्रकार सांगितले आहेत. पृथ्वीतत्त्वावाचून गंध नाही, म्हणजे जेथे वास आहे तेथे काहीतरी पार्थिव द्रव्य असलेच पाहिजे, हा त्यातला आशय वाहनाच्या मालकाने डिकीच्या झाकणावर लिहून ठेवावा इतका उपयोगी आहे. दोन प्रकारांची ती विभागणी मात्र येथे अपुरी पडते. अमरकोशाने कच्च्या मांसासारख्या वासासाठी विस्र असा स्वतंत्र शब्द दिला, आणि मराठीने तर या बाबतीत संस्कृतालाही मागे टाकले आहे. आंबूस, खवट, कुबट, करपट, हिंवस, ओशट, कुजकट: ही नुसती शब्दांची चैन नव्हे. थोडे रसायनशास्त्र जाणणाऱ्याने या यादीकडे पाहिले तर त्याला दिसेल की आपल्या आज्या-पणज्यांनी स्वयंपाकघरात बसून दुर्गंधांचे जे वर्गीकरण केले ते बव्हंशी रासायनिक वर्गीकरणच आहे. आंबूस म्हणजे आम्ल. हिंवस म्हणजे माशातून निघणारे अल्कधर्मी अमाइन. खवट म्हणजे हवेने बिघडलेली चरबी. कुबट म्हणजे ओल आणि बुरशी. आणि गंमत अशी की ज्या बायकांनी हे शब्द वापरले त्यांना त्यांचा उताराही ठाऊक होता. मोटारीत बसल्याबरोबर आपण हे सारे विसरतो आणि सगळ्यालाच सरसकट 'घाण वास' म्हणून एकच अत्तर विकत आणतो.

हिंवसाचीच गोष्ट घ्या. समुद्रातल्या माशांच्या अंगी ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे एक निर्गंध द्रव्य असते. खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी राखण्यास ते माशाला साहाय्य करते. मासा मेल्यावर जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे उरते ते ट्रायमिथिलअमाइन, ज्याची चाहूल हवेच्या अब्जावधी भागांत एखादा भाग असला तरी माणसाच्या नाकाला लागते. हिरण्यकेशीतल्या किंवा चित्री धरणातल्या गोड्या पाण्याच्या माशाला हा वास फारसा येत नाही, याचे कारण त्याच्या अंगी ते मूळ द्रव्यच अल्प असते; मोरीसारख्या माशात तर युरियाही असल्याने वर अमोनियाची भर पडते. हे अमाइन अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल भेटले की त्याचा क्षार बनतो, क्षार हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत येत नाही. कोकणात माशाच्या आमटीत कोकम पडते, तळण्यापूर्वी तुकड्यांना चिंचेचा कोळ किंवा लिंबू लागते, मासे खाल्लेल्या हाताला लिंबाची फोड चोळली जाते. हे सर्व त्याच एका नियमाचे आविष्कार आहेत. डिकीसाठी कोकम वापरावे असे मी सुचवीत नाही, त्याचा डाग जन्मभर राहील. पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून वापरले म्हणजे काम होते, किंवा लिंबाच्या सत्त्वाचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे, पाणी. रीत मात्र क्रमाने पाळली पाहिजे: प्रथम थंड पाण्याने माशाचे पाणी आणि त्यातला प्रथिनांचा चिकटा काढून घ्यायचा, मग आम्लाचे पाणी मुरू द्यायचे, मग ते क्षारासकट शोषून बाहेर काढायचे. गरम पाणी पहिल्याच झटक्याला ओतणारा मनुष्य त्या प्रथिनांना अंड्याप्रमाणे शिजवून धाग्यांत कायमचे बसवितो.

येथेच एका फार प्रचलित चुकीचा खुलासा करणे अगत्याचे आहे. कोणी व्हिनेगर सांगतो, कोणी खाण्याचा सोडा सांगतो, आणि सावध गृहस्थ दोन्ही एकदम ओततो. फसफस पुष्कळ होते, पाहणाऱ्यास काहीतरी घडत असल्याचे समाधान मिळते, आणि वस्तुतः आम्लाने सोड्याला आणि सोड्याने आम्लाला निकामी करून दोघेही परस्परांत खर्ची पडतात. याहून वाईट म्हणजे व्हिनेगराने बांधून ठेवलेले अमाइन नंतर टाकलेला सोडा पुन्हा मोकळे करतो. मी तेच केले होते. मॅटवर व्हिनेगर शिंपडल्यावर एक दिवस वास गेला, आणि 'आता शेवटचा हात' म्हणून धुण्याचा सोडा फिरविला त्या संध्याकाळी गाडीत जणू दुसरी पाटी येऊन बसली.

सोड्याचे खरे क्षेत्र दुधाचे. आजऱ्याच्या परिसरात सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारी घरे पुष्कळ, आणि दुचाकी नसेल त्या दिवशी किटली मोटारीत ठेवली जाते. घाटरस्त्याच्या एका वळणावर झाकण निसटले की व्हायचे ते होते. म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधाचा हिशेब मांडून पाहावा: सुमारे पस्तीस ग्रॅम स्निग्धांश, वीस ग्रॅम प्रथिने आणि पंचवीस ग्रॅम दुग्धशर्करा. आपण फडक्याने पुसतो ते वरचे पाणी. हे ऐंशी ग्रॅम अन्न आसनाखालच्या नमद्यात आणि फोममध्ये तसेच राहते, आणि तेथे जिवाणूंचा संसार सुखाने चालतो. पहिल्या दिवशी दुग्धाम्लाचा सौम्य आंबूसपणा, आणि पुढे चरबीचे विघटन होऊन ब्युटिरिक आम्ल, ज्याचे नाव लोण्याच्या लॅटिन नावावरून पडले असले तरी ज्याचा वास लोण्याचा मुळीच नव्हे. लहान मूल घाटात ओकते तेव्हा जो भपकारा येतो त्यातही हेच आम्ल असते. म्हणून दोन्हींवर इलाज एकच. हे आम्ल असल्यामुळे त्याला व्हिनेगर देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. येथे खाण्याच्या सोड्याचे पाणी हवे, म्हणजे आम्लाचा निर्गंध क्षार होतो. त्याआधी थंड पाण्याने दोनतीनदा भिजवून शोषून काढणे हवे. आणि दूध वाळून गेले असेल तर एन्झाइमचे द्रावण हवे. प्रथिने आणि चरबी तोडणारी ही द्रव्ये कपडे धुण्यासाठी वापरण्याची कल्पना जर्मन रसायनज्ञ ओटो रोम याने १९१३ साली पेटंट करून घेतली. परंतु मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा चीक लावणारी आचारीण त्याच तत्त्वावर काम करीत आली आहे. एन्झाइमला मात्र वेळ आणि ओल लागते. शिंपडून पाच मिनिटांत पुसणाऱ्याने ते न वापरलेलेच बरे.

बाकीच्या वासांची बाब थोडक्यात आटोपते. तांबड्या रश्श्याचा डबा उलटला तर सोडा आणि आम्ल दोन्ही व्यर्थ, कारण तेथे तेल आहे आणि तेलाला साबण लागतो. हळदीचा डाग उरला तर चार दिवसांचे ऊन तो फिका करते. भजी-वड्यांच्या पुड्यांतून निघालेली वाफ पुढच्या काचेवर आतून एक अदृश्य थर धरते आणि तोच पुढे खवट होतो. आसने धुणारे पुष्कळ, ही काच पुसणारे थोडे. कांदा-लसणाच्या मसाल्याचा वास गंधकाच्या संयुगांचा, उग्र खरा, पण सांडलेला कण उचलला की दोन दिवसांत उडून जाणारा. फणसाला मी दुर्गंधाच्या यादीत घालावयास तयार नाही. सिंगापूरच्या मेट्रोत दुरियान हे फळ नेण्यास मनाई आहे हे मला माहीत आहे, आणि कापा-बरक्याचा तसा कायदा आपल्याकडे होऊ नये अशी माझी प्रार्थना आहे.

आता बाजाराकडे वळू. आरशाला टांगलेल्या पुठ्ठ्याच्या झाडाचा जन्म १९५२ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउन येथे झाला. ज्यूलियस सामान हा रसायनज्ञ कॅनडाच्या अरण्यांत सूचिपर्णी वृक्षांच्या अर्कांवर काम करून आलेला होता, आणि सांडलेल्या दुधाच्या वासाने त्रासलेल्या एका दूधगाडीच्या चालकाने त्याच्यापाशी गाऱ्हाणे केले तेव्हा ही कल्पना सुचली असे सांगतात. कथा खरी असेल तर जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध वाहनसुगंधाचा उगमच ब्युटिरिक आम्लात आहे, आणि त्या आम्लाच्या केसालाही त्याने धक्का लावलेला नाही. देवदाराच्या सुगंधात आंबलेले दूध, एवढीच त्याची कमाई. आपल्याकडे कापूर, उदबत्ती आणि फिनेल हीच कामगिरी स्वस्तात बजावतात. लिंबू तर आपण गाडीला टांगतोच. पण ते बाहेर, दृष्ट लागू नये म्हणून; आत बांगडा पडलेला असताना त्याचा खरा उपयोग पिळण्यात आहे.

सुगंधाहून वरच्या पायरीवर शोषक येतात. कोळसा शोषतो हे खरे, पण चुलीतला कोळसा आणि सक्रिय कोळसा यांत महदंतर आहे: नारळाच्या करवंटीचा कोळसा आठनऊशे अंशांवर वाफेत भाजला म्हणजे त्यात इतकी सूक्ष्म छिद्रे पडतात की एका ग्रॅमचे आतले क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. अशी एक पिशवी आसनाखाली ठेवण्यास हरकत नाही. मात्र ती हवेतला वास खाते, फोममधला साठा खात नाही, आणि साठा रोज नवा वास पुरवीत असतो. पिठापासून तयार होणारे सायक्लोडेक्सट्रिन, ज्याच्या कड्यासारख्या रेणूत वासाचा रेणू जाऊन अडकतो, ते नव्वदीच्या दशकाअखेर कापडावर फवारण्याच्या द्रव्यांत आले. तेही मूळ काढल्यानंतरचा उपचार म्हणून चांगले. शहरांतल्या गाडी धुण्याच्या केंद्रांवर ओझोनचे यंत्र लावून देण्याची तजवीज असते. ओझोनचे नावच वासावरून पडले आहे. रसायनज्ञ शोनबाइनने १८४० साली ग्रीक क्रियापदावरून ते ठेवले. हा वायू माशाच्या अमाइनांशी झटापट करतो, परंतु दुधाच्या संपृक्त आम्लांपुढे तो मंद पडतो, जाड फोमच्या पोटात तो पोहोचत नाही, रबराला तडे पाडतो आणि फुप्फुसांना घातक आहे. यंत्र चालू असता गाडीत कोणी बसू नये, आणि नंतर दारे बराच वेळ सताड उघडी ठेवावीत. खर्च आणि जोखीम पाहता तो शेवटचा उपाय असावा. बहुधा तो पहिला म्हणून विकला जातो.

हे सारे झाल्यावरही माझ्या गाडीतला बांगडा जागचा हलला नव्हता. सकाळी वास नसे. दुपारी ऊन पडले की येई. बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की बाहेर ३५ अंश असताना आत पन्नाशी सहज ओलांडली जाते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. दिवसा फोममधून आणि कापडातून वास उडतो, रात्री गारव्याने तेथेच परत बसतो. म्हणून वासाचा तपास करायचा तो दुपारी, गाडी तापवून, दार उघडल्याच्या पहिल्या क्षणी. कारण पुढच्या काही मिनिटांत नाक थकते आणि साक्ष देईनासे होते. बक आणि ॲक्सेल या शास्त्रज्ञांना ज्या संशोधनासाठी २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यातून गंध टिपणाऱ्या ग्राहकांचे मोठे कुटुंब उजेडात आले, आणि माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकार कार्यरत असतात हे पुढे कळले; पण चारशे साक्षीदार असूनही ते सवयीने गप्प होतात. मालकाचे नाक हे या खटल्यातले सर्वांत निरुपयोगी नाक होय. मी गावातल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्यांनी डिकी उघडली, वाकले, आणि एवढेच विचारले, "सर, स्टेपनीखालचा खड्डा बघितलासा का?"

बघितला नव्हता. डिकीच्या मॅटखाली फळी, फळीखाली स्टेपनी आणि स्टेपनीखाली पत्र्याचा वाडग्यासारखा खड्डा. घाटात सांडलेले सगळे पाणी उतारावरून मागे येऊन त्या वाडग्यात साचले होते, आणि इतके दिवस मी वरच्या मॅटची पूजा करीत होतो. त्यांनी तळातले रबरी बूच काढले, पाणी खाली सोडले, थंड पाणी, मग व्हिनेगराचे पाणी, मग पुन्हा थंड पाणी. सोड्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पुढच्या आसनाखालीही एक हात फिरवावा असे मी म्हटले तेव्हा त्यांनी तेथल्या पिवळ्या वेष्टनाच्या तारा दाखविल्या: त्या एअरबॅगच्या असतात, तेथे बादलीने पाणी ओतायचे नसते आणि आसन उपटायचे तर ते जाणत्यानेच.

धुणे संपले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता, आणि आजऱ्यात या दिवसांत धुणे हे अर्धेच काम. सात हजार मिलिमीटरांवर पाऊस झेलणाऱ्या आंबोलीच्या पायरीवर बसलेल्या या तालुक्यात पावसाळाभर उन्हाचा भरवसा नसतो, आणि ओला राहिलेला नमदा आठ दिवसांत हिंवसाच्या जागी कुबट वास देऊ लागतो. दुष्ट जाऊन दुराचारी यावा तसे. येथे मुंबई-पुण्याचे सल्ले उपयोगी पडत नाहीत. 'गाडी उन्हात उघडी ठेवा' हे सांगायला ऊन लागते. आम्ही वर्तमानपत्रांचे गठ्ठे मॅटखाली घालून दर चार तासांनी बदलले. इंजिन चालू ठेवून, गाडी उघड्यावर उभी करून, एसी आणि हीटर एकदम लावला, कारण एसी हवेतली ओल काढून टाकतो आणि हीटर फोममधली ओल हवेत आणतो. कोणी शेगडी पेटवून आत ठेवण्याची सूचना केली, ती मी तहकूब केली. बंद गाडीत निखारे ठेवणे म्हणजे विषारी वायूला निमंत्रण. एसीचा फिल्टरही बदलला, कारण आतली हवा आतच फिरविण्याच्या सवयीने वाहनाची श्वासनलिकाच वासाने माखलेली असते, आणि ही बाब धुण्याच्या यादीत सहसा येत नाही. अकरा दिवस लागले.

मार्गशीर्षात नवा घनसाळ घरी आला. दहा किलोंची पिशवी बांधून, मुद्दाम त्याच डिकीत, मुद्दाम स्टेपनीच्या वरच्या फळीवर ठेवून मी ती पुण्यास नेली आणि त्या रात्री बहिणीकडेच जेवायला राहिलो. भात वाढला गेला. तिने पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि मी श्वास रोखला.

"नवा आहे वाटतं," ती म्हणाली. "पाणी जरा कमी घालायला हवं होतं."